नमुन्याची मूठ

बायनाबाईनं दाणा दाढेखाली धरला की परळीच्या मोंढ्यात आडत्याचं बोलणं थांबायचं. शाळू असो की लोकवन गहू, ती दाणा डाव्या बाजूच्या दाढेखाली धरायची, डोळे मिटायची आणि दाबायची. कट्‌कन आवाज आला तर मान हलवायची. आवाज बोदा आला तर दाणा थुंकून म्हणायची, "वला हाय. पोळ्यापस्तोर किडा पडतो." आडत्याला राग यायचा, पण करतो काय? ती एकटी थोडीच असायची. तिच्यामागं परळीतली अकरा घरं असायची, आणि त्या अकरा घरांचं वर्षाचं धान्य बायनाबाईच्या दाढेवर ठरायचं.

ही दाढ तिला बापाकडून मिळालेली. माहेर धर्मापुरीचं. बाप दुसऱ्याच्या रानात राबणारा, पण पेरणी जवळ आली की चांगले बागायतदार बियाण्याची पिशवी घेऊन त्याच्या दारात यायचे. तो दाणा चावून सांगायचा, हे उगवतंय, हे टाका म्हशीपुढं. लेकीला द्यायला त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं. लग्न होऊन बायना परळीत आली. नवरा रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती उचलायचा. एका उन्हाळ्यात तो ऊन लागून गेला, तेव्हा आता सासरी असलेली मुलगी तीन वर्षांची होती. गावातले मोठे बागायतदार सुंदरराव, त्यांच्या वाटेकऱ्यानं तिला त्यांच्या घरी नेलं, आणि त्यांच्या बायकोनं, रतनबाईंनी, तिच्या हातात सूप दिलं. पहिल्याच दिवशी बायना गहू पाखडता पाखडता थांबली आणि म्हणाली, "बाई, ह्यो गहू ठेवू नका. वला हाय." नवी बाई, पहिला दिवस, आणि ही भाषा. रतनबाई हसल्या. गणपतीत कोठी उघडली तर गहू चालत बाहेर आला. त्यानंतर रतनबाईंनी तिला विचारल्याशिवाय एक दाणा विकत घेतला नाही.

सुंदरराव म्हणजे साठ एकरांचे धनी, दोनदा झेडपीला निवडून आलेले. घरात त्यांचा शब्द चालायचा, पण कोठीघरात बायनाबाईचा. ती मोंढ्यातून आली की सुंदरराव ओसरीवर पेपर बाजूला ठेवायचे आणि विचारायचे, "दाणा काय म्हनतो, बायनाबाई?" मग ती म्हणायची, "बोलका हाय, आण्णा," किंवा "मुका हाय, आण्णा." एवढ्यावर व्यवहार व्हायचा. तीस वर्षांत हा प्रश्न एकदाही चुकला नाही. तिला कामाचे पैसे मिळायचे, निघताना पसाभर धान्य पदरात पडायचं, पण खरं सांगायचं तर ती होळीची वाट बघायची ती या एका प्रश्नासाठी.

होळी झाली की काम लागायचं ते थेट मृगापर्यंत. जोडीला मदिनाबी. मदिनाबीचा नवरा फळांचा गाडा लावायचा, आणि मदिनाबीच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू असायचा. दोघी मिळून गच्चीवर धान्य वाळत घालायच्या. आधी वारा कुणीकडचा ते बघायचं. थर्मलच्या वीजकेंद्राकडून असला तर तो दिवस घरात बसून चाळणी धरायची, नाहीतर पांढऱ्या शाळूवर राखेचा थर. मग पाखडणं, खडे वेचणं, डाळीला एरंडेल चोळणं, कोठीत कडुलिंबाचा पाला घालणं.

दाढेला सगळं कळायचं, एक डाळ सोडून. तूरडाळ दिसायला सोन्यासारखी असते आणि चुलीवर दगडासारखी बसून राहते. ती शिजते की नाही हे डोळ्याला दिसत नाही, दाताला कळत नाही. त्यासाठी नमुना न्यावा लागतो. मोंढ्यात आडत्याच म्हणायचा, न्या बाई, खाऊन बघा. बायनाबाई एक मूठ डाळ पदराच्या टोकाला बांधायची, म्हणायची, "उद्या सकाळी सांगते," आणि चालू लागायची. मूठ एकच, दुसरी कधी घेतली नाही. त्या मुठीचे पैसे कुणी मागितले नाहीत. ती मूठ तिच्यावर सोपवलेली असायची, आणि अंगात ताप असला तरी दुसऱ्या दिवशी आठच्या आत ती सांगायला जायची.

सहा वर्षांपूर्वी अंबाजोगाई रस्त्याला मॉल झाला. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं, परळीनं ते कधी तोंडात घेतलं नाही. मॉल म्हणजे मॉल. साखर बाहेरच्यापेक्षा दोन रुपयांनी स्वस्त. त्या दोन रुपयांसाठी लोक पन्नासचं पेट्रोल जाळून जायला लागले, आणि साखरेला गेलेला माणूस बादली, पायपुसणं आणि कुणी न खाणारी बिस्किटं घेऊन यायला लागला, कारण एकावर एक फुकट होतं. धान्य पाकिटात, नाहीतर मोठ्या प्लास्टिकच्या पेट्यांत सुटं, निवडलेलं, पॉलिश केलेलं. "आता निवडायला वेळ कुणाला हाय, मावशी?" असं म्हणणाऱ्या बायका तिथं बिलाच्या रांगेत तासतासभर उभ्या राहताना मदिनाबीनं डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

बायनाबाईला कुणी तोंडावर नको म्हटलं नाही. तेवढं म्हणायचीही कुणाला गरज वाटली नाही. होळी व्हायची आणि बोलावणं यायचं नाही, इतकंच. अकराची सात घरं झाली, सातची तीन. मदिनाबी शहाणी, तिनं सूप बाजूला ठेवलं आणि ती नवऱ्याच्या गाड्यावर फळं विकायला बसली. दोन वर्षांपूर्वी रतनबाई गेल्या. यंदा होळीला बायनाबाईकडं एकच घर उरलं होतं, सुंदररावांचं. तेही सुटलं असतं, पण सुंदररावांनी सुनेला बजावलं होतं, "मॉलात घे न्हाईतर मुंबईत घे, बायनाबाईनं बघितल्याबगर दाणा घरात यायचा न्हाई."

सून राजनंदिनी. संभाजीनगरला शिकलेली, बोलायला गोड. यंदा झेडपीची जागा महिलांसाठी राखीव होणार असं ऐकू येत होतं, आणि घरातून तिचंच नाव पुढं होतं. ती वाईट नव्हती. वाईट असती तर बायनाबाईला तिच्याशी भांडता तरी आलं असतं. बुधवारी सकाळी ती गाडी घेऊन बायनाबाईच्या खोलीपाशी आली आणि म्हणाली, "मावशी, चला मॉलला. या आठवड्यात सुट्या धान्यावर स्कीम आहे. तुम्ही नुसतं बघा आणि आण्णांना हो म्हणून सांगा, म्हणजे सगळ्यांचाच त्रास वाचेल. शनिवारी वर्षाचं मागवून टाकते."

सगळ्यांचा म्हणजे कुणाचा, हे बायनाबाईला कळत होतं. धान्य मॉलातून आलं तर निवडायचं काही उरणार नाही, आणि पुढच्या होळीला याही घरचं बोलावणं येणार नाही. पण दाणा मुका निघाला, तर आण्णा मोंढ्यात गाडी पाठवतील, आणि तिचे तीन महिने तिला परत मिळतील. सगळं तिच्या हो-नाहीवर होतं. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं आणि ती गाडीत बसली.

दारावर तानाजी उभा होता, निळ्या गणवेशात, टोपी घालून. हाच तानाजी पंधरा वर्षं मोंढ्यात हमाल होता. बायनाबाईनं पसंत केलेली पोती त्याच्याच पाठीवरून सुंदररावांच्या घरी जायची, आणि दिवाळीला तो हक्कानं तिच्याकडून करंज्या घेऊन जायचा. "आलाव का मावशी?" म्हणून तो हसला, आणि तिची पान-सुपारीची चंची काढून घेऊन त्यानं तिच्या हातात नंबराचा बिल्ला दिला.

आत गारवा होता, आणि कसलासा फुलांचा वास. बायनाबाईनं शाळूच्या पेटीत हात घातला, ओंजळ नाकाशी नेली. वासच येईना. शाळूला वास नाही, गव्हाला वास नाही, सगळीकडं तोच फुलांचा वास. तिनं गव्हाचा दाणा दाढेखाली धरला, कट् झालं. शेजारच्या पेटीतला धरला, कट्. तिसऱ्या पेटीतला, तोही कट्. त्या गारव्यात सगळेच दाणे एका आवाजात बोलत होते. साठी उलटलेल्या बायनाबाईला आयुष्यात पहिल्यांदा दाण्याचं काही कळेना. पण डाळ होती. डाळीला गारव्याशी काय घेणं? ती चुलीवर खरं बोलणारच.

शेजारी लाल शर्ट घातलेली मुलगी पाकिटांवर कागद चिकटवत होती. बायनाबाई तिला म्हणाली, "बाई, मूठभर डाळ नेते गं. शिजवून बघते." मुलगी मान वर न करता "हं" म्हणाली. राजनंदिनी पलीकडं तेलाच्या डब्यांपाशी फोनवर बोलत होती. बायनाबाईनं तिला हाक मारली, "वैनी, डाळीची मूठ घेतली हो नमुन्याला!" राजनंदिनीनं तिच्याकडं बघून हात वर केला. झालं. बायनाबाईनं मूठभर तूरडाळ पदराच्या टोकाला बांधली, चांगली दोन गाठी मारून, सगळ्यांच्या देखत, जशी तीस वर्षं बांधत आली होती तशी.

बिल झालं. दारापाशी तानाजी बिलाला भोक पाडत होता, तेवढ्यात आतून गळ्यात पट्टा घातलेला मॅनेजर आला. पस्तिशीचा, लातूरकडचा, तोंडानं गोड. "आजी, एक मिनिट," तो म्हणाला. "पदराला काय बांधलंय, दाखवा जरा."

"नमुना हाय," बायनाबाई म्हणाली.

"कसला नमुना?"

"डाळीचा. शिजवून बघायचा. उद्या सकाळी येऊन सांगते की."

रांगेतलं कुणीतरी हसलं. मॅनेजरनं आवाज चढवला नाही. त्यानं नुसतं वरच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "आजी, इथं तशी पद्धत नाही. गाठ सोडा." बायनाबाईनं गाठ सोडायला घेतली. दोन गाठी मारल्या होत्या, त्यातली दुसरी सुटेना. रांग थांबली होती. बायका माना काढून बघत होत्या, एकीनं फोन वर धरला होता. शेवटी मॅनेजरच्या टेबलावर डाळ पडली आणि चार दाणे फरशीवर सांडले. ते उचलायला बायनाबाई वाकली, तर तो म्हणाला, "राहू द्या, राहू द्या."

तिला अजून चूक काय झाली ते कळत नव्हतं. तिला वाटत होतं, हा परगावचा माणूस, ह्याला माहीत नाही, कुणीतरी सांगितलं की कळेल. आणि सांगायला तर तिथं घरचीच माणसं होती. ती म्हणाली, "ह्या तानाजीला इचारा. ह्यो मोंढ्यातलाच हाय. सांग की रे तानाजी, नमुना कसा नेत्यात ते."

तानाजीनं हातातल्या बिलाला भोक पाडलं. मग पुढच्या बिलाला पाडलं. "मला काय माहिती, मावशी," तो म्हणाला, "मोंढ्याचं मोंढ्यात."

पंधरा वर्षांच्या करंज्या त्याच्या पोटात कुठं गेल्या, देव जाणे. मग बायनाबाईनं राजनंदिनीकडं बघितलं. एकच वाक्य पुरणार होतं. मावशी आमच्यासाठीच नमुना घेतात, मला विचारून घेतलाय. एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. राजनंदिनीनं तोंड उघडलं, रांगेकडं बघितलं, फोन धरलेल्या बाईकडं बघितलं, आणि ती मॅनेजरला म्हणाली, "किती होतात? मी भरते. आमच्याकडं कामाला असतात त्या. वय झालंय, कळत नाही त्यांना."

"पैसे कावून भरता, वैनी?" बायनाबाईचा आवाज फाटला. "पैसे भरले म्हंजे चोरली असं व्हतं. मी चोरली न्हाई. मी तुमाला आवाज दिलता."

"मावशी, गप्प बसा ना. लोक बघायलेत."

डाळ काट्यावर गेली. चौऱ्याऐंशी ग्रॅम भरली. तीस वर्षांत त्या मुठीत किती डाळ मावते हे कुणी मोजलं नव्हतं, ते त्या दिवशी मोजलं गेलं. लहानशा पिशवीत भरून, वर कागद चिकटवून, राजनंदिनीच्या बिलात एक ओळ वाढवून मॅनेजरनं ती पिशवी बायनाबाईच्या हातात दिली आणि म्हणाला, "आजी, हात जरा वर धरा." तिनं धरला. त्यानं फोटो काढला. फोटो कशाला, हे तिला माहीत नव्हतं. कुणी वडीलधाऱ्याला सांगतं तशा नम्रपणानं त्यानं सांगितलं, म्हणून तिनं हात वर धरला. याची लाज तिला पुढं त्या झडतीपेक्षाही जास्त वाटली.

सामान मागं ठेवून दोघी गाडीत बसल्या. मग राजनंदिनी म्हणाली, "मी होते म्हणून निभावलं, मावशी. ते लोक पोलिसांत देतात."

"तुमी हात वर केलता, वैनी."

"मी फोनवर होते. मला वाटलं तुम्ही दुसरंच काही म्हणताय." वळण घेत ती म्हणाली, "आण्णांना यातलं काही सांगू नका. मीही नाही सांगणार."

बायनाबाई खोलीवर उतरली तेव्हा दुपार कलली होती. तिनं लुगडं बदललं नाही. तशीच बसून राहिली. ती पिशवी चुलीत टाकावी असं तिला वाटलं, नालीत टाकावी असं वाटलं. पण नमुना आणला होता आणि सकाळी सांगते म्हणाली होती. कुणाला म्हणाली होती? त्या मॅनेजरला, ज्यानं ऐकलंही नव्हतं. तरी संध्याकाळी तिनं चूल पेटवली, पिशवी दातांनी फाडली आणि डाळ धुऊन घातली. हळद नाही, तेल नाही. नमुना असाच शिजवायचा.

मदिनाबी दार न वाजवताच आत आली. एरवी तिचं बोलणं गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचं, आज ती मुकाट येऊन चुलीपाशी बसली. "जिनत गेलती मॉलला," ती म्हणाली. जिनत तिची सून. "पैशे देतेत तिथं मागच्या भितीवर तुझा फोटू लावलाय, चोर म्हनून. आनखी तिघांचे हायत. दोन पोट्टे, एक चिंध्यावाली, आन तू."

बायनाबाईनं झाकण काढलं, पळीनं डाळ हलवली.

"अगे, मी बोलूं का?" मदिनाबी पुढं सरकली. "जे झालं ते झालं. उद्या सकाळी उठ, आण्णाकडं जा, आन साफ सांग, डाळ दगड हाय. घंटाभर शिजवली, शिजत न्हाई. म्हातारा तुझं ऐकतो. मोंढ्यात गाडी जाईल. तुझं काम राहील, आन त्या मॉलवाल्याच्या तोंडात बी माती पडंल. कोन बघायला येतंय तुझ्या भगुन्यात?"

हे बायनाबाईच्या मनात आलं नव्हतं असं नाही. गाडीतून उतरल्यापासून तेच मनात घोळत होतं. एकच शब्द. मुकी हाय, आण्णा. तीस वर्षं खरं बोलून जो विश्वास कमावला, त्यातला एकदाच थोडा खर्च करायचा होता. आणि कुणाविरुद्ध? ज्यांनी तिला हात वर धरायला लावला त्यांच्याविरुद्ध. तिनं पळीत दोन दाणे घेतले आणि बोटांत चिरडले. डाळ लोण्यासारखी विरघळली. अर्धा तासही झाला नव्हता. तिनं थोडी तोंडात घातली. गोड होती. मोंढ्यातल्या कित्येक डाळींपेक्षा चांगली होती, आणि हे कळताच तिला असा राग आला की तिनं पळी भिंतीवर भिरकावली.

"मेली दगडच निघायला काय झालतं!" ती म्हणाली आणि रडायला लागली.

मदिनाबीनं तिला रडू दिलं. मग पळी उचलून धुतली. "मग सांग ना दगड हाय म्हनून," ती हळूच म्हणाली.

बायनाबाईनं पदरानं नाक पुसलं. "न्हाई मदिना. आत्ता तो फोटू खोटा हाय. मी खोटं बोलले की खरा व्हतो."

दोघींनी ती डाळ भाकरीबरोबर खाल्ली. मूठभर डाळ ती किती, दोन घास झाले. मदिनाबी जाताना म्हणाली, "पागल हाय तू," आणि डोळे पुसत गेली.

सकाळी आठच्या आत बायनाबाई सुंदररावांच्या दारात उभी राहिली. नेहमी ती मागच्या दारानं सरळ कोठीघरात जायची. आज मागच्या दाराला आतून कडी होती. ती पुढं आली. नवी कामवाली साखराबाई अंगण झाडत होती. ती म्हणाली, "वैनीनं सांगितलंय, बाहीरच थांबा."

सुंदरराव ओसरीवर बसले होते. पेपर हातात होता. त्यांनी तिला पाहिलं, नीट पाहिलं. बायनाबाई पायरीपाशी थांबली आणि वाट बघू लागली. आता पेपर बाजूला होईल, आता ते विचारतील. सुंदररावांनी पेपर वर केला आणि तोंडासमोर धरला. राजनंदिनीनं कबूल केलं होतं की ती सांगणार नाही. पण सांगितलं होतं, आणि किती सांगितलं होतं हे त्या पेपरकडं बघून कळत होतं. तीस वर्षं ज्या कोठीघरात ही बाई एकटी बसत होती, तिथून काय काय गेलं असेल, याचा विचार त्या पेपरामागं चालला होता.

तिनं थोडा वेळ वाट बघितली. मग कुणी न विचारताच सांगितलं, "डाळ चांगली हाय, आण्णा. लवकर शिजती. गोड हाय. वर्साची भरा."

पेपर हलला नाही. आवाज ऐकून राजनंदिनी बाहेर आली, केस पुसत. "काय मावशी?"

"डाळीचं सांगाया आलते. चांगली हाय म्हनून."

"कुठली डाळ?" राजनंदिनीनं विचारलं.

तिला खरंच आठवत नव्हतं. ती नाटक करत नव्हती, हे बायनाबाईला तिच्या तोंडावरून कळलं. जिच्यापायी आपण रात्रभर जळत होतो, जिच्यापायी आपली शेवटची होळी आपल्या हातानं बुडवली, ती डाळ या पोरीच्या ध्यानातही नव्हती.

"नमुन्याची," बायनाबाई म्हणाली.

"अच्छा, ती!" राजनंदिनीला ओशाळल्यासारखं झालं. "अहो मावशी, ते मी शनिवारची वाट न बघता कालच मोबाइलवरून मागवलं. संध्याकाळी आलं पण. निवडायचं काहीच नाही त्यात, सगळं पाकिटात आहे. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला." बायनाबाई पायरीपासून हलेना, तशी ती आत गेली आणि एक किलोचं तूरडाळीचं पाकीट घेऊन आली. वर लाल अक्षरांत काहीतरी छापलं होतं. तिनं ते बायनाबाईच्या हातात ठेवलं. "हे घ्या. तेलाच्या डब्यावर फुकट आलंय. आमच्याकडं पडूनच राहील. कालचं मनाला लावून घेऊ नका."

बायनाबाईनं पाकीट उलटंपालटं करून बघितलं. कालच्या मुठीपेक्षा दहा-बारा पट डाळ होती त्यात. सवयीनं तिचा हात पदराच्या टोकाकडं गेला, आणि तिथंच थांबला. टोकावर कालच्या दोन गाठींच्या सुरकुत्या अजून तशाच होत्या.

"पावती द्या, वैनी," ती म्हणाली.

"काय?"

"हिची पावती. हातात डाळ घेऊन मी आता गावातनं जानार. वाटंत कुनी इचारलं तर दाखवाया पायजे की."

राजनंदिनीला वाटलं मावशी थट्टा करतात. ती हसली, आणि सासऱ्यांकडं बघितलं. पेपर थोडा खाली आला होता. बायनाबाई हसत नव्हती. राजनंदिनीचं हसू ओठांवरच राहिलं. ती म्हणाली, "अहो, फुकट आलंय ते मावशी, त्याची कसली पावती? असली तरी आता कुठं सापडायची?"

"शोधा," बायनाबाई म्हणाली. "मी थांबते."

तिनं पाकीट पायरीवर ठेवलं, ते आपल्या अंगाला लागणार नाही इतकी दोन पावलं मागं सरकली, आणि पावती येईपर्यंत तिथंच उन्हात उभी राहिली.